पत्रा तडकल्याचा आवाज
आज सकाळी थंडीने आकसून घराचं लाकूड धाडकन वाजलं, आणि कॅल्गरीतला आमचा पहिला हिवाळा आठवला.

तसाच आवाज ऐकून मी बेसमेंटमधून वर आले, तर दार सताड उघडं. सासरे दीड वर्षाच्या ईराला छातीशी धरून अनवाणी बर्फात उभे.

"अण्णा, आत या!"

"नको! पत्रा तडकलाय, जहाज दुभंगेल!"

तरुणपणी ते युद्धकाळात घाईने बांधलेल्या एका जुन्या मालवाहू जहाजावर खलाशी होते. थंड समुद्रात त्याच्या बाजूचा पोलादी पत्रा असाच धाडकन आवाज होऊन तडकला होता.

ईराचे ओठ निळे पडत होते.

"अण्णा, होडी इकडे लागलीय. आधी बाळाला द्या."

त्यांनी लगेच दिलं. "तू हो पुढे. मी बाकीच्यांना घेऊन येतो."

त्यांना ओढून आत घेतलं. ईराला थंडीत बाहेर नेलं म्हणून महिनाभर मी त्यांच्यावर रागावले होते.

आज आवाज झाला, तेव्हा मीही आधी ईराच्याच खोलीकडे धावले.