पाणथरी गेली, पिवळेपण राहिलं

वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत मी पिवळा होतो. आमच्या वरणगावकडच्या खेड्यात पहिला रंगीत टीव्ही आला, त्याच्या कितीतरी आधी मी रंगीत होतो! कावीळ म्हणून वैदूने माझ्या डोक्यावर इतक्या माळा चढवल्या, की एखाद्या पुढाऱ्याला हेवा वाटावा.

शेवटी जळगावच्या डॉक्टरांना कारण सापडलं. माझ्या रक्तातल्या लाल पेशी चपट्या नव्हत्या, गोटीसारख्या गोल होत्या. आणि माझी पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, त्या दिसल्या रे दिसल्या की फोडून टाकत होती. त्याचंच हे पिवळेपण.

"पाणथरी काढली, तरी पेशी गोलच राहतील," डॉक्टर म्हणाले, "पण जगतील. रक्त वाढेल, पिवळेपणा जाईल."

आमचे वडील, नाना, केळीवाले. त्यांना लगेच उमगलं. "म्हंजे माल चालन्यासारखा हाये, तपासनाराच खडूस! काढून टाका त्याले!"

नानांना घाई होती ती लग्नाची. मला तर त्याहून जास्त! नरडाण्याजवळची शोभा मी एकदाच पाहिली होती आणि तेवढ्यावर माझी झोप उडाली होती. पण तिच्या मामांनी माझे डोळे पाहून साफ सांगितलं होतं, "पिवळा जवाई आमले नको. पांढरा डोया दखाडा, मंग बोला."

ऑपरेशन झालं. थोड्याच दिवसांत डोळे फुटलेल्या कापसासारखे पांढरे! मी दिवसभर आरशासमोर. मामांना निरोप गेला आणि ते संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणाले.

त्याच दिवशी शेजारी चुलतभाऊ अशोकची हळद होती. मी आपला लांब उभा. पण आमच्या अक्का, म्हणजे नानांची थोरली बहीण, उष्ट्या हळदीची वाटी घेऊन माझ्यावर चालून आल्या. नवरदेवाची उरलेली हळद बिनलग्नाच्या पोराला लावली, की त्याचं लग्न लवकर जमतं ना!

"अक्का, नको! आज मामा येणार आहेत!"

"म्हनूनच त लावते! उभा रह्य गुमान!"

तोंड, मान, हात, पोट... (टाके तेवढे वाचवले!) अख्खी वाटी माझ्यावर रिकामी झाली. आणि दारात मामा! आम्हाला बेसावध गाठायचं म्हणून दुपारच्याच गाडीने आले होते.

"आरे देवा! हाऊ ते पहिलेपेक्षा बी पिवळा व्हयना!"

"मामा, हयद हाये ती!" नाना ओरडले.

"माले येडा समजतस का? लगीन दुसरानं आनि हयद याले?"

आईने मला मोरीत ढकललं. पाण्याने हळद हलेना, म्हणून तिने धुण्याचा सोडा घेऊन मला खसाखसा घासलं. सोडा लागला की हळद लाल होते, हे ज्ञान मला त्या मोरीत झालं. बाहेर आलो तो कपाळापासून बेंबीपर्यंत लालभडक!

मामांच्या तोंडातलं पान थांबलं.

"डॉक्टर बोल्लेच व्हते," नाना घाईघाईने म्हणाले, "लाल पेशी वाढतीन म्हनून!"

"इतल्या?"

मामांनी पिशवी उचलली. शोभा चालली हातची! मी धावत जाऊन हात जोडले. "मामा, अंगाकडे पाहू नका. फक्त डोळे पाहा. शोभासाठी पाहा!"

मामांनी चष्मा लावला, मला उन्हात बसवलं आणि बाजारातला गोऱ्हा तपासावा तशा माझ्या पापण्या ओढल्या. सोडा झोंबून धारा लागल्या होत्या. मामांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि चहासुद्धा न घेता स्टेशन गाठलं. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

आणि एके दिवशी होकार आला! मी आनंदाने अक्कांना उचलूनच घेतलं.

लग्नानंतर शोभाला विचारलं, "मामांनी माझ्याबद्दल सांगितलं तरी काय?"

"म्हणाले, डोळे पांढरे आहेत. पण तुझं नाव निघण्याआधीच पोरगा पोटापर्यंत लाजला, लालेलाल! डोळ्यांतून पाणीच आलं त्याच्या. मग मीच मामांना म्हटलं, इतका लाजाळू नवरा जन्मात उलट बोलायचा नाही. करून टाका!"

ती लाज नव्हती, धुण्याचा सोडा होता, हे मला तिला तेव्हाच सांगायचं होतं. पण तिने बोलू दिलं तर ना! इतकी वर्षं झाली, मी अजून संधी शोधतोय.