झुलीचं माप

वीस जून. घोडीसाठी नवी झूल आणायची होती, म्हणून आत्याबाई, मी आणि सुमन अशा तिघी गंजगोलाईत गेलो. रहीमभाईंच्या दुकानात बँडवाल्यांचे कोट, नवरदेवाचे शेले आणि घोड्यांच्या झुली एकाच दोरीवर टांगलेल्या असायच्या. आत्याबाईंनी एक लाल मखमली झूल ओढून काढली, उजेडात धरली आणि सुमनला म्हणाल्या, "वाक."

बारावी झालेली मुलगी भर दुकानात गुडघ्यांवर हात टेकून वाकली. आत्याबाईंनी झूल तिच्या पाठीवर टाकली, मानेपाशी सारखी केली, दोन्हीकडचे काठ ओढून पाहिले. "आता चाल. घसरती का बघू."

"खाला, लडकी है, घोडी नक्को समजो," रहीमभाई म्हणाले. "माप सांगा, मी काढून देतो."

"चालताना कापड कुठं सरकतं ते तुमच्या टेपाला कळतंय व्हय?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. सुमनही हसली. तिला वाटत होतं, ही झूल तिच्यासाठी आहे. मलाही तसंच वाटत होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या आणि सुमनची आजी. औशाच्या पुढचं त्यांचं गाव भूकंपात बसलं. घर दगडमातीचं, वर माळवद. आत मुलगा, सून आणि नातू झोपले होते. घोडी व्यायला झाली होती म्हणून आत्याबाई बाहेर बाज टाकून होत्या. दोन वर्षांची सुमन किरकिर करत होती, तिला सुनेनं त्यांच्याजवळ आणून टाकलं होतं. तेवढ्या दोघी राहिल्या. घोडीही राहिली. पुढं चार दिवसांत तिला शिंगरू झालं, तेच मोठं होऊन ही झुलीची मैना. आत्याबाई नात आणि घोडी घेऊन लातूरला आमच्याकडे आल्या आणि आमच्या अंगणात बाज टाकून राहिल्या. छताखाली झोपल्या नाहीत.

ही हकिकत त्या आल्यागेल्याला सांगायच्या. शेवट ठरलेला असे. "नातू शहाण्यासारखा आत झोपला, तो गेला. ही रडकी. रडक्याला मरण कुठं हाय?" सुमन तिथंच कपबशा गोळा करत असायची.

त्यांच्या जिभेची मजा वाटून गल्लीतल्या बायका मुद्दाम येऊन बसत. माझ्या भाकरीबद्दल त्या म्हणायच्या, "सूनबाई, मैनाला घातली काल. हुंगून माझ्याकडं बघून राहिली, मी काय पाप केलं म्हणून." पुढं आमच्या गल्लीत घरोघर क्लासची मुलं भाड्यानं राहायला आली. पहाटे एका क्लासला, दुपारी दुसऱ्या. आत्याबाई त्यांना बाजेवरून बघत आणि म्हणत, "दावणीची जनावरंबी इतकी खाली मान घालून खात न्हाईत."

मैना वरातींना भाड्यानं जायची, आणि तिच्या पांघरुणाबाबत आत्याबाईंचं सगळं ठरलेलं होतं. मखमल फक्त वरातीपुरती, आणि तिला अस्तर सुतीच पाहिजे. वरात संपली की झूल आधी काढायची, घाम गोणपाटानं पुसायचा, अंग सुकलं की मगच घोंगडी. घोंगडी धनगराकडची, मऊ काळ्या लोकरीची. सुमनला मात्र भूकंपाच्या मदतीत आलेलं टोचरं ब्लँकेट होतं, ते तिनं शाळा संपेपर्यंत वापरलं. एका थंडीत तिला ताप होता. मी घोंगडी मागितली तर आत्याबाई म्हणाल्या, "मैना कमावती हाय. ही काय कमवून राहिली?" मी माझी दुलई नेऊन दिली आणि वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालायला वेळ लागायचा आणि मला दोन मुलांचे डबे करायचे असायचे.

बारावीच्या त्या वर्षी सुमन तिच्या क्लासमध्ये पहिली आली. नांदेडला मेडिकलला नंबर लागेल हे नक्की होतं. माझी बहीण नांदेडला राहते, ती म्हणाली पाठव, प्रवेश होईपर्यंत राहू दे माझ्याकडे. आत्याबाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "आणि मैनाचं कोण करंल? मला वाकवत न्हाई आता." दाणापाणी, खरारा, शेण, वरातीत लगाम धरणं, सगळं सुमनच करायची.

तेवढ्यात क्लासचे सर घरी आले. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याची घोडीवरून मिरवणूक काढायची त्यांची पद्धत होती. चौकात सुमनच्या फोटोचा फ्लेक्सही लागला होता. सरांनी क्लासचं नाव छापलेली सॅटिनची झूल आणली होती. आत्याबाईंनी ती दोन बोटांनी उचलून परत दिली. "घोडी हाय, पाटी न्हाई. आन् हे कापड उन्हात पाठ भाजतंय. झूल माझी मी घेईन."

म्हणून आम्ही गंजगोलाईत गेलो होतो. आत्याबाई नातीच्या मिरवणुकीसाठी नवी झूल घेतात म्हणजे तिला नांदेडला जायला मोकळीक मिळाली, असं मी धरून चालले. घरी येऊन मी तिची बॅगही भरून ठेवली.

मिरवणुकीच्या दिवशी मैना लाल मखमलीत उभी होती. झूल खरंच सुरेख बसली होती, कुठं दाटत नव्हती, पोटापाशी मोकळी होती. बँड सुरू झाला. सुमन माझी मोरपंखी साडी नेसून आली आणि रिकिबीत पाय ठेवणार तोच आत्याबाईंनी तिचा दंड धरला.

"नवरदेवाची घोडी हाय ही. पोरगी बसली म्हंजी वरातीला कोण नेईल हिला?"

"आजी, माझीच मिरवणूक आहे."

"मिरव की. पाय हायत ना तुला?"

सर मध्ये पडले. आधी त्यांनी समजूत घातली, मग ते घड्याळात पाहू लागले. पाहुणे स्टेजवर येऊन बसले होते. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. दुसरा आलेला मुलगा बसवू. फोटोत घोडी आली पाहिजे."

तो मुलगा गोरामोरा होऊन वर चढला. फेटा त्याला बांधला. सुमन घरी परत यायला वळली, तर आत्याबाईंनी लगाम तिच्या हातात दिला. "मैना दुसऱ्याच्या हातानं चालत न्हाई, तुला ठावं हाय." ते खरं होतं. सुमन आणि मैनानं अर्धं लातूर उन्हात पालथं घातलं. चौकात फ्लेक्सखाली मिरवणूक थांबली तेव्हा लोक फोटोतल्या मुलीकडे बघत होते, घोडीवरच्या मुलाकडे बघत होते आणि लगाम धरलेल्या मुलीला बाजूला हो म्हणत होते.

परत आल्यावर आत्याबाईंनी आधी झूल काढवली, मैनाचं अंग पुसवून घेतलं, पाणी पाजवलं. हे सगळं सुमननंच केलं, साडी खोचून. मग ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आजी, पहिली मी आले होते ना?"

"म्हणून तर लगाम तुझ्या हातात दिला. दुसऱ्या आलेल्याला झेपला असता व्हय?"

सुमन रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली, आणि झूल झटकायला घेऊन गेली. त्या हसण्यानं मी घाबरले. आत्याबाईंनी तिला इतकी वर्षं बोलून बोलून असं केलं होतं, की हे बक्षीसच आहे असं तिला वाटायला लागलं होतं. जेवताना ती मला म्हणाली, "काकू, नांदेडचं राहू द्या. मैनाचं कोण करणार?"

आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "बघ, अक्कल आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनला उठवलं, आंघोळ करायला लावली आणि बॅग तिच्या हातात दिली. ती काही बोलू लागली, मी म्हटलं, बसमध्ये बोल. अंगणात आलो तर मैना फाटकात आडवी बांधलेली होती. आत्याबाई बाजेवर बसून चहा पीत होत्या. सुमन पाया पडायला गेली, त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"जा. पण माघारी ह्या अंगणात येऊ नको."

त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. पुढं सुमन सुट्टीला माझ्या बहिणीकडेच राहायची, आणि डॉक्टर झाली तेव्हा आत्याबाईंनी पेढ्याचा बॉक्स न उघडता घोडीपुढं ठेवला. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी सुमन अंगणाच्या मधोमध थिजून उभी राहिली, एकदा आजीकडे बघे, एकदा घोडीकडे.

मी दाव्याची गाठ सोडली. मैना हलेना, तेव्हा तिच्या छातीला खांदा लावून तिला मागं रेटलं, निंबाला बांधलं आणि हात पदराला पुसले. मग सुमनला फाटकाबाहेर काढून कडी लावली आणि आम्ही नांदेडची एसटी पकडली.