हजाराच्या आत, वायरलेस

नवरा गेल्यानंतरचे पहिले नऊ दिवस मला फारसे आठवत नाहीत. दहावा मात्र तपशिलासकट आठवतो, कारण त्या दिवशी कावळा शिवत नव्हता.

खाडीच्या काठावर आम्ही चौघं-पाचजण उभे होतो. ऊन वर आलं होतं. भाताचे पिंड मांडून तासभर झाला होता. कावळा समोरच्या कठड्यावर होता, एकटाच, चांगला धष्टपुष्ट. त्याला भूक नसावी. त्या सकाळी घाटावर आमच्याआधी तीन कुटुंबं येऊन गेली होती, पण हा विचार तिथे बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

धाकटे दीर हात जोडून पुढे झाले. "दादा, आईला मी सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"वहिनीला काही कमी पडू देणार नाही."

नाही.

"टिटवाळ्याचा फ्लॅट वहिनीच्याच नावावर राहील. शब्द देतो."

कावळ्याने पंख उचलून खाली चोचीने खाजवलं. दीर जरा दुखावले. तो शब्द त्यांनी सहजासहजी दिला नव्हता.

गुरुजी अनुभवी होते. म्हणाले, "मोठ्या गोष्टी राहू द्या. माणूस अडतो ते बारीकसारीक कशात तरी. काही घ्यायचं राहिलं होतं का त्यांचं?"

माझे तळपाय भाजत होते. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, वाचन पुष्कळ झालं, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी वैतागून म्हटलं, "कीबोर्ड घेईन."

कावळ्याने मान वळवली. हे सगळ्यांनी पाहिलं.

"वायरलेस म्हण, वहिनी," दीर कुजबुजले.

"वायरलेस घेईन."

कावळा कठड्यावरून खाली उतरला आणि थांबला.

"बजेट! बजेट सांग."

"हजाराच्या आत," मी म्हटलं, आणि तो दोन उड्यांत आला नि पिंडाला चोच लावून गेला.

दिरांनी हे सगळं मोबाइलवरून घरी सासूबाईंना दाखवलं होतं. म्हणून मी घरी पोचले तेव्हा काही सांगायचं शिल्लक नव्हतं. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे.

"माझं लेकरू एका पाटीसाठी अडकलं होतं," त्या म्हणाल्या. कीबोर्डला त्या पाटी म्हणत. "ती पाटी घरात येऊन त्याच्या नावाने लागेपर्यंत मी अन्न घेणार नाही. दूध घेईन."

"आई, गोळ्या आहेत तुमच्या. उपाशीपोटी चालायचं नाही."

"मग लवकर आण."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. मुलाला शेवटचं भेटायचं का, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मुलगा सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलात गेला आणि संपला. आता त्याच्यासाठी करण्यासारखं एकच काम कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, आणि ते सांगणारा कावळा असला तरी त्यांना चालणार होतं. तेराव्याच्या गोडाच्या जेवणापर्यंत तीन दिवस होते. संध्याकाळपर्यंत त्या दीड वाटी दुधावर होत्या.

आता कीबोर्डविषयी सांगायला हवं. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. निवृत्तीनंतर त्याने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. जुना वायरचा कीबोर्ड होताच, पण खुर्चीत मागे टेकून लिहिता यावं म्हणून वायरलेस घ्यायचं ठरवलं. त्याला तीन वर्षं झाली. दर रविवारी तो दुकानात जाऊन कीबोर्ड बघून यायचा आणि शंभर पानी वहीत टिपण करायचा. वही मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा उघडली. पट्टीने आखलेले रकाने. शेरे असे: "एंटर लहान. विचार करू." "बंद करायला बटण नाही. बेजबाबदार." "वजन बरे, पण स्पेसबार उजवीकडे रुसतो." शेवटच्या पानावर अटी होत्या. किंमत हजाराच्या आत. ऑनलाइन नको, हात लावून बघणे. आणि खाली दोन रेघा मारून: ब्लूटूथ नको, भरवसा नाही.

दिरांनी गुरुजींना फोन केला. सुतकात नवी वस्तू घ्यावी का, हा त्यांचा प्रश्न होता. फोन स्पीकरवर होता.

"उद्या अकरावा झाला की घ्या. काही हरकत नाही. घरात वापरणार कोण?"

"तसं कोणीच नाही."

"मग दान द्या तेराव्याला. पडून राहण्यापेक्षा बरं. छत्री, वहाणा देतोच ना आपण." मग जरा थांबून, "दान मलाच देणार असाल तर एक सांगतो. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, टॅब आहे. त्याला वायरलेसचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा लावता येत नाही. ब्लूटूथ बघा."

मी वही दिरांपुढे धरली. त्यांनी दोन रेघा पाहिल्या.

"गुरुजी, दादाला ब्लूटूथ मान्य नव्हतं."

"अहो, पण आता वापरणार मी."

"इच्छा त्याची आहे ना!"

"आणि मराठी अक्षरं हवीत," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तो मराठीत लिहायचा."

गुरुजी म्हणाले, "ते मलाही बरं पडेल."

अकराव्याचे विधी झाल्यावर दीर आणि मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. वही माझ्या हातात होती. दुकानदाराने मला ओळखलं नाही, वहीला ओळखलं.

"अरे वा! काकांनी वही दिली तुमच्याकडे? गेला रविवार दिसले नाहीत."

मी वही काउंटरवर ठेवली.

"त्यांना सांगा, मोठा एंटरवाला आलाय."

"सांगते," मी म्हटलं.

दीर माझ्याकडे बघत राहिले. दुकानदाराने तोपर्यंत काउंटरवर पाच कीबोर्ड मांडले होते, नवरा ज्या क्रमाने मागायचा त्याच क्रमाने असावेत. "हा त्यांनी चारदा पाहिलाय. हा आवाजासाठी नापास. ह्याच्यावर ते म्हणाले, शेजारी चिवडा खातंय असं वाटतं."

"दादा गेला," दीर म्हणाले. "पाटी त्याच्यासाठीच आहे." घाईत त्यांच्या तोंडूनही पाटीच आलं.

दुकानदार स्टुलावर बसला. थोड्या वेळाने त्याने काही न विचारता तीन चहा मागवले. मग दिरांनी त्याला कावळा, गुरुजी, टॅब, सगळं सांगितलं. त्याने ते गिऱ्हाइकाची अडचण ऐकावी तसं शांतपणे ऐकलं आणि आतून एक खोका आणला.

"ह्यात दोन्ही आहे. तुकडा लावून पण चालतो, ब्लूटूथवर पण चालतो. काकांचं पण राहील, गुरुजींचं पण. साडेअकराशे."

"घेऊन टाकू," दीर म्हणाले. "वरचे दीडशे माझे. कोणाला कळणार आहे?"

"हजाराच्या आत म्हटलंय मी. सगळ्यांसमोर."

"वहिनी, तू मानत नाहीस ना हे?"

"मानत नाही. पण म्हटलंय."

दुकानदाराने खोक्यावरची किंमत खरवडून काढली, कॅल्क्युलेटर जवळ ओढला, आणि न वापरता बाजूला ठेवला. "नऊशे नव्वद. तीन वर्षांत काकांनी माझा एकही कीबोर्ड घेतला नाही, पण त्यांनी नापास केलेले मी पुन्हा मागवले नाहीत. फायदाच झाला माझा." मराठी अक्षरांची चिकटपट्टी त्याने तशीच दिली. ती अक्षरं दीर आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारभर चिमट्याने चिकटवत बसलो.

सासूबाईंनी कीबोर्ड मांडीवर घेतला, उलटा करून पाहिला, पण जेवल्या नाहीत. "घरात आली. लागली कुठे?" त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाटीवर लिहिलेलं कुठेतरी उमटायला हवं होतं. मी टीव्हीला लावून दाखवते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, दान एकाला द्यायचं आणि उष्टावायचं आपण, असं नसतं. म्हणजे तेराव्यापर्यंत पुन्हा दूध.

तेराव्याला पाटावर कीबोर्ड, त्यावर तुळशीचं पान. दानावर पाणी सोडायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी चपळाईने हात आडवा घातला. "त्याच्यावर नको! ताम्हनात सोडा." मग त्यांनी झोळीतून टॅब काढला. जोडणी होण्यासाठी टॅबवर सहा आकडे उमटले. ते कीबोर्डवर दाबून एंटर मारायचं होतं.

"आजी, तुम्हीच दाबा," ते म्हणाले.

सासूबाई कधी टीव्हीच्या रिमोटलाही हात लावत नसत. गुरुजी एकेक आकडा सांगू लागले, त्या शोधू लागल्या. चौथ्या आकड्याला वेळ संपली. नवे सहा आकडे आले. पुन्हा वेळ संपली. पानं वाढून झाली होती, वरणावर साय धरायला लागली होती. तिसऱ्यांदा मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला आणि सहाही आकडे लागले.

गुरुजींनी टॅब उभा केला आणि सफाईदार दहा बोटांनी टायपिंग सुरू केलं. त्यांची टायपिंगची परीक्षा झालेली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"असं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तो दोन बोटांनी लिहायचा."

गुरुजींनी आठ बोटं मिटली. "काय लिहू?"

"काहीही लिहा. हळू लिहा."

गुरुजींनी समोरच्या पानाकडे पाहिलं आणि एकेक अक्षर शोधून लिहायला लागले. वरण. मग भात. मग लिंबू. प्रत्येक टकटकीबरोबर टॅबवर अक्षर उमटत होतं आणि सासूबाई चष्मा सावरून ते वाचत होत्या. मीही वाचत होते. घरात तेरा दिवसांनी तो आवाज होत होता.

बटाट्याची भाजी लिहून झाल्यावर सासूबाईंनी पान पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. गुरुजी अजून कोशिंबिरीपर्यंत पोचले नव्हते.