न हलणारी पालखी

गावकरांनी पालखीचा कोपरा दोन्ही हातांनी धरला, जोर लावून बघितला आणि मला विचारलं, "मेस्त्री, ही हलत का नाय?"

मला वाटलं, कौतुक चाललंय. मी हसून म्हणालो, "हलेल कशी? चारी कोपऱ्यांत आतून गोंद आहे, वरून स्क्रू आहेत. हत्ती बसवा, हलायची नाही."

गावकर हसले नाहीत. तिथल्याच एका फळीवर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुमच्याकडं पालखी कशी नेतात?"

"खांद्यावर. चालत."

"आमची चालत नाय, मेस्त्री. नाचते."

गावकर म्हणजे देवरूखच्या बाजूला डोंगरात एक गाव आहे, तिथले मुख्य मानकरी. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, सगळे गावकरच म्हणतात. देवीची जुनी पालखी जीर्ण झाली म्हणून गावानं देवीला कौल लावला. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि कुठली पाकळी पडते त्यावरून उत्तर समजायचं. कौल मिळाला. गावानं स्वतःच्या वाडीतला फणस तोडला, लाकूड वाळवलं आणि आमच्या वर्कशॉपवर आणून टाकलं. शिमग्याला पालखी हवी होती.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. फर्निचरच्या एका ठेकेदाराबरोबर रत्नागिरीला आलो. पुढे ठेकेदार निघून गेला, मी राहिलो. मला ज्यांनी ठेवून घेतलं आणि पटाशी कशी धरायची इथपासून शिकवलं, ते आमचे मालक वारले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आता शेड विकणार. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "तू राहणार असशील तर मशीन विकत नाही." मी राहिलो. त्या एका वाक्यावर मी आज उभा आहे, म्हणून त्यांच्या कामात खोट निघाली की मला जेवण जात नाही.

वहिनींचा एकच दोष. त्या कुणालाच नाही म्हणत नाहीत. नवीन वर्ष लागलं की इकडे सगळ्यांना हातानं केलेल्या वस्तू आठवतात. त्या जानेवारीत शेडमध्ये एकाच वेळी चार कामं पसरली होती. एक पालखी. कांबळे गुरुजींच्या विहारासाठी ग्रंथ ठेवायचं कमळाचं पीठ. देवरूखच्या एका घरी यायच्या बाळासाठी पाळणा. आणि पूर्णगडच्या एका नाखव्याच्या होडीची लहान प्रतिकृती. नाखवा म्हणजे होडीचा मालक. ते आता समुद्रात जात नव्हते, म्हणून बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या मुलीला, सुनंदाताईंना, बाबांची होडी घरात हवी होती.

चार कामं एकदम कशी करतात, असं लोक विचारतात. त्यात काही जादू नाही. एकाचा गोंद वाळतोय तोवर दुसऱ्याला रंधा मारायचा. दुसऱ्याचं पॉलिश सुकतंय तोवर तिसऱ्याचं नक्षीकाम. हात थांबता कामा नये आणि डोकं एका कामातून दुसऱ्यात सांडता कामा नये, असं आमचे मालक सांगायचे. त्या वर्षी माझं डोकं सांडलं, आणि सांडलं म्हणून वाचलो. ते पुढे येईलच.

तर गावकर फळीवर बसलेले. मी विचारलं, "पण जुनी पालखी मी बघितली होती. माप तिचंच घेतलंय."

"बघितलीत ना? मग ती हलत व्हती का नाय?"

हलत होती. चांगली डुगडुगत होती. मला वाटलं, म्हातारी झालीय म्हणून सांधे सुटले असतील. माझ्या हातून ते होऊ नये म्हणून मी दुप्पट गोंद घातला होता. तिचं डुगडुगणं म्हातारपण नव्हतं. ती तशीच बनवलेली होती.

गावकरांनी समजावून सांगितलं. शिमग्यात देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीत बसतात. मग ती खांद्यावर घेऊन नाचवतात. गरगर फिरवतात, वर उडवतात, गुडघ्यापर्यंत खाली आणतात. पुढचे लोक एकीकडे ओढतात, मागचे दुसरीकडे. "आणि ही तुमची," त्यांनी कोपऱ्यावर टिचकी मारली, "ही पयल्याच गिरकीला तडकंल. रूपं लागलेली पालखी तडकली तर गावानं काय समजायचा?"

मी म्हणालो, "जुनी आणून दाखवा, तसेच सांधे करतो."

"ती नदीत सोडली. जीर्ण झालेला देवाचा सामान घरात ठेवत नाय आमी."

"मग निदान ही नाचवून बघू. आत वाळूची पोती ठेवू, चारजण उचलतील..."

मागून वहिनींनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. पण बोलून झालं होतं.

गावकरांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. "मेस्त्री, रिकामी पालखी आमी खांद्यावर घेत नाय. आणि देवीच्या जागेवर पोती?" ते उठले. टोपी घातली. "शिमग्याला नाचंल तेवा समजंल."

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "एवढं चांगलं काम करतोस, तोंडाला जरा रंधा मार की."

मग गंभीर झाल्या. "हे बघ, ही पालखी तडकली तर देवळाचं काम आपल्याकडे पुन्हा येणार नाही. आणि देवळाचं काम गेलं की या शेडमध्ये काय उरतं ते तुलाही माहितीय, मलाही."

मला माहीत होतं. बाकीची कामं फॅक्टरीतून आलेल्या फर्निचरनं आधीच खाल्ली होती.

मी पालखीवर चादर टाकली आणि तिच्याकडे बघायचं टाळायला लागलो. सैल सांधा करायचा म्हणजे किती सैल? फार सैल केला तर रूपं खाली येतील. कमी केला तर लाकूड फाटेल. आणि ट्रायल नाही. आमच्या धंद्यात ट्रायलशिवाय काम म्हणजे डोळे बांधून पटाशी मारणं.

त्यातच पूर्णगडला होडीचं माप घ्यायला जायचं होतं. सुनंदाताई घेऊन गेल्या. किल्ल्याच्या खाली, खाडीच्या तोंडाशी होडी वाळूवर ओढून ठेवलेली. नाखवा बाजूला जाळं विणत बसलेले. जाळ्याचा आता उपयोग नव्हता, पण हात थांबत नव्हते.

त्या होडीला उलांडी होती. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. होडीतून दोन वाकडे दांडे बाहेर निघतात आणि त्यांच्या टोकाला हा ओंडका असतो. मी टेप काढला आणि आधारासाठी दांड्यावर हात टेकला.

दांडा हलला. थोडासा गेला आणि परत जागेवर आला.

माझ्या हाताला ते ओळखीचं वाटलं. जुन्या पालखीच्या कोपऱ्यानं अगदी असंच केलं होतं. गेला, परत आला. मी वाकून बघितलं. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. नुसता सुंभ, म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी, आडवी-उभी गुंडाळून बांधलेली.

"नाखवा, इथं खिळा का नाही मारला?"

"मारून बघ," नाखवा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले. "लाट आली की खिळा तिच्याशी भांडतो. भांडण झाला की लाकूड फाटतो. बांधलेला असला की तो लाटेबरोबर जातो नि परत येतो."

"किती सैल बांधायचं?"

आता त्यांनी मान वर केली. "होडी करायची हाय ना तुला? एवढीशी? ती काय टेबलावर बसून लाटा खाणार हाय?"

मी सगळं सांगितलं. सुनंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या, कारण त्यांच्या होडीचं माप अजून घेतलंच नव्हतं. नाखव्यांनी जाळं खाली ठेवलं. "माझ्याच्यानं समुद्रावर जाववत नाय. रत्नागिरीपर्यंत येववंल."

आले. त्याआधी मी पालखीचे चारी कोपरे कापून काढले. गोंद लावलेला सांधा उघडत नाही, करवतच लागते. स्वतःच्या हातचं चांगलं काम कापताना कसं वाटतं ते सुतारालाच विचारा. साध्या भाषेत सांगतो: एका लाकडाला भोक असतं आणि दुसऱ्या लाकडाला त्यात जाणारी जीभ. आधी मी जीभ भोकात ठासून बसवली होती. आता नवी जीभ जरा बारीक केली, गोंद काढून टाकला आणि आरपार एक लाकडी खुंटी घातली. ती सांधा सुटू देत नाही, एवढंच तिचं काम. बाकीचं काम सुंभाचं.

नाखव्यांनी एक कोपरा बांधून दाखवला. त्यांच्या सुजलेल्या बोटांतून दोरी अशी जायची की मला मध्येच विसरायला व्हायचं की मी शिकायला बसलोय. उरलेले कोपरे मी बांधले. प्रत्येक कोपऱ्याला ते हात लावायचे, मान हलवायचे, आणि मी सोडून परत बांधायचो. शेवटी एकदा त्यांनी मान हलवली नाही. मला तेवढं पुरलं.

गावकर पुन्हा आले. कोपरा हलवून बघितला. मग दोरीला नाक लावून वास घेतला. "सुंभ कुठला?"

"पूर्णगडचा. नवा आहे."

"वरनं साड्या नेसवतात देवीला, दिसणार नाय. चालंल." जाताना दारात थांबले. "हलते. पण किती हलते ता देवी सांगंल."

मग मात्र माझं डोकं सगळ्याच कामांत सांडलं. मला प्रत्येक सांधा सैल हवासा वाटू लागला. कांबळे गुरुजी, निवृत्त शिक्षक, त्यांचं कमळाचं पीठ बघायला आले. त्यांनी वर हात ठेवला आणि पीठ डुललं.

"अरे, हे काय?" गुरुजी म्हणाले. "माघ पौर्णिमेला यावर ग्रंथ ठेवून वाचन आहे. तो असा झोके घ्यायला लागला तर पहिल्या रांगेतच माणसं झोपतील."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी पीठाला मुकाट्यानं गोंद लावला. पाळण्याचं तेवढं बरं होतं, त्याला हलायचंच होतं.

शिमगा आला. वहिनी आणि मी त्या गावात गेलो. देवळासमोरच्या मोकळ्या आवारात गाव गोळा झालेलं. मुंबईहून आलेली कुटुंबं, लेकरं, म्हातारी माणसं. ढोल सुरू झाला आणि देवळातून पालखी बाहेर आली. मी ती ओळखली नाही. मी बनवलेली पालखी पिवळ्या फणसाची होती. ही हिरव्या-लाल साड्यांत, अबोलीच्या गजऱ्यांत होती, आणि मध्ये चांदीची रूपं. त्या चेहऱ्यांनी सगळ्या आवाराकडे एकदमच बघितल्यासारखं वाटलं.

खांदे खाली गेले, पालखी उचलली, आणि पहिली गिरकी घेतली.

कोपऱ्यातून आवाज आला. कुर्रर्र.

वहिनींनी माझं मनगट धरलं. पुढची माणसं डावीकडे गेली, मागची उजवीकडे, पालखी मधून पिळली गेली, वर उडाली, खाली आली, जमिनीला लागेलशी वाकली आणि पुन्हा उठली. प्रत्येक वेळी कुर्रर्र. आणि प्रत्येक वेळी कोपरा जायचा, परत यायचा. थोड्या वेळानं मला कळलं की तो आवाज तडकण्याचा नाही. सुंभ लाकडावर घासत होता. ढोल वाढला की तो वाढायचा, ढोल थांबला की तो थांबायचा. जणू चारी कोपऱ्यांना ताल माहीत होता.

मी तिथं उभा राहून बघत होतो आणि मला एक विचित्र गोष्ट वाटत होती. या पालखीचा प्रत्येक तुकडा माझ्या हातून गेलाय. कुठली गाठ कुठं आहे ते मला पाठ आहे. तरी समोर जे नाचत होतं ते मी बनवलेलं नव्हतं. तसं बनवता येत नाही. आपण फक्त जागा सोडायची असते. त्या जागेत दुसरं काहीतरी येऊन नाचतं. ते काय असतं हे सांगण्याइतका मी शिकलेलो नाही. शिकलेला असतो तरी सांगता आलं असतं असं वाटत नाही.

पालखी घरोघर जायला वळली. गावकरांनी हात वर केला, ढोल थांबला. ते थेट माझ्याकडे आले.

"मेस्त्री, चपला काढा."

मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी घाईघाईनं चपला काढल्या.

"खांदा द्या."

"मी? गावकर, मी इथला नाही. मान तुमच्या लोकांचा..."

"मान आमचाच हाय. तो कुणाला द्यायचा ता आमी ठरवू. कोपरा तुमचा हाय ना? मग धरा."

एका तरुणानं बाजूला होऊन जागा दिली. दांडा माझ्या खांद्यावर आला. जड होता, माझ्या अंदाजापेक्षा खूपच जड. आम्ही चार पावलं टाकली आणि खांद्यातून मला तो सांधा जाणवला. गेला. परत आला. झोपलेलं लेकरू खांद्यावर घेतल्यावर त्याचा श्वास लागतो तसा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वहिनी बाजूनं चालत होत्या. "रड, रड," त्या म्हणाल्या. "पण पाय बघून टाक. उतार आहे."

शिमगा संपल्यावर गावकरांनी निरोप पाठवला की मागचा उजवा कोपरा जरा आवळून जा. गेलो, आवळला. बाकी लाकडाला चीर नव्हती. नाखव्यांची छोटी होडी आता सुनंदाताईंच्या घरी टीव्हीशेजारी आहे. तिची उलांडी मी सुंभानंच बांधली. नाखवा येता-जाता तिला बोटानं ढकलतात आणि ती परत येते का बघतात.

देवळाची कामं येतात. शेड चालू आहे. या जानेवारीत पाच कामं पसरली आहेत, कारण वहिनी अजून कुणाला नाही म्हणत नाहीत. मी मात्र एक सवय लावून घेतली. कुणी ऑर्डर घेऊन आलं की लाकूड कुठलं, पॉलिश कुठलं, हे नंतर. आधी विचारतो, "ही वस्तू बसणार आहे की नाचणार?"

लोक हसतात. हसून झालं की उत्तर देतात. मग मी टेप काढतो.