बिनकमिटीचा जिना

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. राज्य नसेल तर माणसं एकमेकांच्या नरडीचा घोट घेतील, आणि राज्य आलं की सगळ्यात दुबळ्याचंही भलंच होतं, ही तत्त्वज्ञांची गृहीतकं मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतली. कोणी शंका काढली की म्हणायचे, "आधी लिहून घे रे."

मग भांडुपच्या आमच्या सोसायटीची कमिटी पार्किंगवरून भांडली आणि राजीनामे देऊन मोकळी झाली. त्याच आठवड्यात लिफ्ट बंद! चेकवर सही करायला कोणी नाही, म्हणजे दुरुस्तीही नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि बाबांना दिवसाआड डायलिसिस. वाट लागली ना!

सकाळी दारात चौघं उभे. त्यात पार्किंगवरून माझ्याशी कडाकडा भांडलेला शेजारीही होता.

"खुर्ची कुठाय गं?" एवढंच म्हणाला.

बाबा हटून बसले. "लोकांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं. दिवसाआड नाही."

"मग काका, त्या दिवसासाठी प्रॅक्टिस नको का आम्हाला?"

बाबा इतके हसले की ठसका लागला. बसले खुर्चीत.

माझा मेला मास्तरी स्वभाव! लगेच पाळ्या ठरवून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. झालं, सगळे फुगले. "ड्युटी लावतेस होय आम्हाला? शाळा आहे का ही?" मी मुकाट्याने डिलीट केलं. पुढच्या खेपेला चौघं हजरच. दुसऱ्या मजल्यावर सगळे दम खायचे. तिथल्या काकू बाबांना पाणी द्यायच्या. "अर्धाच कप हं काका, डॉक्टर ओरडतील." जास्त पाणी बंद होतं त्यांना, आणि तहान तर सारखी.

रामराज्य बिलकूल नव्हतं. कचरा कुजायचा. बाबांची खुर्ची धरून दोघं पार्किंगवरून एकमेकांना शिव्या घालत उतरायचे. पण डायलिसिस एकदाही चुकलं नाही. या माणसांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार?

पुढे नवी कमिटी आली, लिफ्ट सुरू झाली. वर्षभराने बाबा गेले. खाली न्यायची वेळ आली तेव्हा लिफ्टकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. "सांभाळून रे, काकांना धक्का नको," म्हणत शेजारी पुढे झाला. दुसऱ्या मजल्यावर सगळे सवयीने थांबले. काकू पाण्याचा कप घेऊन बाहेर आल्या आणि बाबांच्या ओठांना लावला.

कप काठोकाठ भरलेला होता.