दात अत्यावश्यक आहेत का?

गल्लीच्या डाव्या हाताची दुकानं सम तारखेला उघडायची आणि उजव्या हाताची विषम तारखेला, असा हुकूम निघाला. डावा हात म्हणजे कुणाचा, चौकातून गल्लीत शिरणाऱ्याचा की शाळेकडून येणाऱ्याचा, हे काही हुकूम काढणाऱ्यानं लिहिलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंची शटरं वर गेली, दुपारी पालिकेची गाडी आली आणि दोन्ही बाजूंना दंड करून गेली. दुसऱ्या दिवशी भीतीनं कुणीच उघडलं नाही. तरी गाडी आलीच, आणि लोकांची गैरसोय का करता म्हणून सगळ्यांना झापून गेली.

या गल्लीत मधोमध दातवाल्यांची जागा होती. दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि कवळी बनवायची ती यांनी. पुढे एक बाक, मागे एक खोली. त्या खोलीत प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी भुकटीचे डबे आणि घासायचं एक यंत्र. सगळा जन्म त्या खोलीत गेल्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायची सवय त्यांना लागली होती. माणसांची नावं ते विसरत, पण पुढचा दात कुणाचा किंचित वाकडा आहे ते कधी विसरत नसत. साथ आली, तोंडावर मास्क आले आणि दातवाल्यांना गल्लीतली निम्मी माणसं ओळखू येईनाशी झाली. लोक नमस्कार करायचे, हे उगाच मान हलवायचे.

एरवी त्यांनी दुकान बंद ठेवून घरी स्वस्थ लोळत दिवस काढले असते. पण नेमकी त्याच सुमाराला ताईची कवळी फुटली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उंच इमारतीत दाजींबरोबर राहायची. दाजींना ताप आला, श्वास लागला आणि दवाखान्याची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. त्याच गडबडीत हात धू, तोंड धू, दात धू असं चाललेलं असताना बेसिनवर ताईच्या साबणाच्या हातातून वरची कवळी निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्याच दिवशी ताईची इमारत आणि भोवतालचा सगळा भाग बंद केला. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही.

दवाखान्यातली एक सिस्टर फार चांगली होती. जेवणानंतर थोडी सवड मिळाली की ती आपल्या फोनवर पेशंटांना घरच्यांची तोंडं दाखवायची. दाजींना ऐकायला कमी येतं. समोरच्याच्या ओठांकडे बघूनच ते बोलणं समजून घेतात. आणि त्या वॉर्डात तर डोक्यापासून पायापर्यंत सगळे झाकलेले. म्हणजे दाजींच्या दृष्टीनं तिथे कुणी बोलतच नव्हतं.

"ताई, तू त्यांना दिस. नुसती दिसलीस तरी पुरे," दातवाले फोनवर म्हणाले.

"अशी?" ताई बोबड्या आवाजात म्हणाली. "इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला बिनदाताची बघितलेली नाही, बाळ. आता आजारपणात बघायची वेळ आणू नकोस. आधी दात दे, मग फोन लाव."

घरात नातवंडं झाली तरी ताईनं यांना बाळच ठेवलं होतं. आणि बाळचं तिच्यापुढे कधी काही चाललं नव्हतं. "आजच्या दिवस राहू दे, तिला बरं नाही," असं त्यांनी सिस्टरला कळवलं. सिस्टर म्हणाली, "असू दे काका, आजोबाही नकोच म्हणतायत. झोपलेत." उद्या करू, असं दोघांचं ठरलं.

ताईचा साचा फडताळात होता. माप घ्यायची गरज नव्हती. फक्त दुकानात जाऊन बसायचं आणि कवळी करायची. पण सम की विषम हे गल्लीचं कोडं अजून सुटलेलं नव्हतं. दातवाले शटर अर्धं ओढून आत बसले. यंत्र सुरू केलं तर त्याची घरघर पार चौकापर्यंत जायची, म्हणून दात हातानं घासले, कडा घासकागदानं गुळगुळीत केल्या. चोरी करणाऱ्यालासुद्धा एवढी धाकधूक होत नसेल. रस्त्यात बुटांचा आवाज आला की हे श्वास रोखून धरायचे. दातांचं काम आणि तेही दात-ओठ खात केलेलं, पण कवळी मात्र उतरली झकास.

आता ती पोचवायची. त्यासाठी पास हवा, आणि पास वॉर्ड ऑफिसात मिळतो असं कळलं. ऑफिसच्या दारात खडूचे गोल काढले होते आणि प्रत्येक गोलात एक वैतागलेला माणूस उभा होता. खिडकीला प्लास्टिकचा पडदा, पडद्याआड मास्क, मास्काआड कारकून. त्याचं बोलणं तीन भिंती ओलांडून यावं तसं येत होतं.

"दुकान आहे, दवाखाना आहे की कारखाना?"

"तसं तिन्ही नाही. मी कवळ्या बनवतो."

"तिन्हीपैकी एकच लिहायचंय."

"मग दवाखाना लिहा."

"डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग दुकान. दुकानांना पास नाही."

"अहो, बहिणीचे दात पोचवायचेत. तिथे नवरा दवाखान्यात पडलाय, ती त्याच्याशी बोलेना झालीय!"

कारकुनानं समोरचा कागद वरून खालपर्यंत वाचला. दूध होतं, भाजी होती, औषध होतं, गॅस होता. "दात अत्यावश्यक आहेत का, याचा उल्लेख इथे नाही," तो म्हणाला.

"तुमचे काढून ठेवा आणि संध्याकाळी जेवायला बसा, म्हणजे कळेल."

मागच्या गोलातला माणूस हसला. कारकून हसला नाही. बंद भागात जायचा पास त्या भागातल्या ऑफिसातच मिळतो, असं त्यानं सांगितलं. ते ऑफिस बंद भागात असल्यामुळे बंद होतं, हेही त्यानंच सांगितलं. त्यात त्याला काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही. दातवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पडद्यापलीकडे ती पोचायची काही सोय नव्हती.

शेवटी त्यांच्या सुनेनं तोडगा काढला. ताईच्या इमारतीच्या फाटकापर्यंत सामान पोचवता येतं, माणसानं आत जायचं नाही, एवढाच काय तो नियम. दातवाले भाजीच्या टेम्पोत, भाजीवाल्याच्या शेजारी बसून निघाले. अडथळ्यापाशी पोलिसानं विचारलं तेव्हा भाजीवाला बेधडक म्हणाला, "हे माझे हमाल." उभ्या आयुष्यात दातवाल्यांनी गूळ-साखरेच्या पिशवीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं कांद्याचं पोतं पायाशी ओढून घेतलं.

फाटकावर इमारतीच्या समितीनं वेगळीच पाटी लावली होती. सरकारचे नियम कमी पडले होते म्हणून असेल. औषधं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून थेट वर जातील. खायचे पदार्थ वाफेच्या पेटीतून वर जातील. इतर कोणतीही वस्तू घेतली जाणार नाही. दातवाल्यांनी पाटी दोनदा वाचली. चिठ्ठी द्यायला दातांचे डॉक्टर गावात नव्हते, दवाखान्याला कुलूप लावून ते केव्हाच मुलाकडे गेले होते. कवळी इतर वस्तूंत गेली तर परत घरी न्यावी लागणार. राहिले खायचे पदार्थ. ताईसाठी सुनेनं बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका दिलाच होता. दातवाल्यांनी कोपऱ्यावर जाऊन निम्मी बिस्किटं खिशात कोंबली, कापडात गुंडाळलेली कवळी खोक्यात ठेवली आणि साळसूदपणे खोका वॉचमनच्या हाती दिला.

पेटी म्हणजे पत्र्याचं एक मोठं पिंप होतं. खाली शेगडी, वर झाकण. वॉचमननं खोका आत ठेवला, झाकण लावलं, आणि कडेनं वाफेचा फवारा बाहेर आला. तेव्हा कुठे दातवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कवळीचं ते गुलाबी साहित्य इतक्या उष्णतेला वाकतं. गिऱ्हाइकांना ते स्वतः बजावत आले होते, बाबांनो, गरम पाण्यात बुडवू नका.

"काढ, काढ! बाहेर काढ तो खोका!"

"काका, वेळ व्हायचाय अजून."

"अरे, आत दात आहेत!"

वॉचमननं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "मग खोक्यावर बिस्किटं का लिहिलंय?"

"बिस्किटांचाच खोका आहे तो! दात मी ठेवलेत आत!"

"मधेच झाकण काढलं तर चेअरमन माझी नोकरी घालवतील. वरनं बघत असतात ते." त्यानं बोट वर केलं. खरंच, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक माणूस दुर्बीण लावल्यासारखा खाली बघत होता. दातवाले त्याला उद्देशून काय वाट्टेल ते बोलले. मास्कमुळे त्यातलं काही वर पोचलं नाही. झाकण वेळ झाल्यावरच निघालं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "बसत नाही रे. टाळूला एकीकडे टेकते, एकीकडे हलते. तोंड उघडलं की खाली येते." आवाजात रडू होतं. बिस्किटंसुद्धा भिजून लगदा झाली होती, पण त्यामुळे ताईला ती दुधाशिवाय खाता आली, एवढाच काय तो फायदा झाला.

दातवाल्यांनी हात टेकले नाहीत. दुसरी कवळी करायला बसले. दरम्यान गल्लीचा हुकूम बदलला. आता सम-विषम रद्द, सगळ्यांनी सकाळी उघडायचं. मग तोही बदलला. सकाळी बंद, दुपारी उघडायचं. हे जेव्हा शटर वर करत तेव्हा शेजारचे खाली ओढत असायचे. दरम्यान सिस्टरचा आणि त्यांचा फोन रोज व्हायचा. "ताईचे दात होतायत, जरा थांबा," असं हे सांगायचे. "असू दे, आजोबाही नकोच म्हणतात," असं ती सांगायची. दाजी कंटाळले असतील, रागावले असतील, असं धरून दातवाले पुन्हा घासायला बसायचे.

मग एक दिवस सिस्टरच चिडली. "काका, तुमचं काय चाललंय मला कळत नाही. आजोबा आता थकत चाललेत. फोन पुढे केला की तोंडावर हात ठेवतात आणि भिंतीकडे वळतात. आज लिहून विचारलं, तर त्यांनी कागदावर लिहिलं, 'दात नाहीत. ती बघेल.' अहो, ऑक्सिजन लावताना आम्ही सगळ्यांचेच दात काढून ठेवतो!"

दातवाल्यांनी हातातला घासकागद खाली ठेवला. दाजींची कवळी त्यांनीच केली होती, वरची आणि खालची दोन्ही. ते नवरा-बायको एकमेकांपासून लपून, दार लावून दात घासायचे, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून चेष्टा व्हायची. आणि दवाखान्यात दात काढून ठेवतात हे तर दातवाल्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? तिथे हरवलेल्या कवळ्यांच्या जागी नव्या करून देणं हे त्यांच्या धंद्यातलं नेहमीचंच काम. ऑफिसात भांडताना, टेम्पोत बसताना, वाफेपुढे ओरडताना दाजींचं तोंड एकदासुद्धा त्यांच्या डोळ्यांपुढे आलं नाही. डोळ्यांपुढे होती ती फक्त अर्धवट झालेली कवळी.

त्यांनी ताईला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "दाजींच्याही तोंडात दात नाहीत! तुझ्यासारखेच तोंडावर हात ठेवून बसलेत तिकडे! आता गप फोन घे!"

"लाव," ताई म्हणाली.

सिस्टरनं तिघांना एकत्र जोडलं. पडद्याच्या एका चौकोनात ताई, पदर तोंडाशी. दुसऱ्यात दाजी. सिस्टरनं ऑक्सिजनचा मास्क क्षणभर बाजूला केला तर लगेच तोंडावर त्यांचा हात. तो हात केवढा बारीक झाला होता! ताईनं आधी पदर खाली घेतला. मग दाजींनी हात. गाल दोघांचेही आत गेले होते, ओठ दोघांचेही मिटल्यावर नाकाकडे सरकत होते. दातवाल्यांना वाटलं, आता कुणीतरी रडणार.

"अहो, काय हो हे ध्यान!" ताई म्हणाली.

दाजींनी तिच्या ओठांकडे एकटक बघितलं, त्यांना कळलं, आणि ते हसले. नुसत्या हिरड्यांनी, खांदे हलवून, धाप लागेपर्यंत हसले. मग काहीतरी बोलले. दातवाल्यांना त्यातला एक शब्द समजला नाही. सिस्टरलाही नाही. ताईला सगळं कळलं असावं, कारण ती "हो, हो, घालते पाणी झाडांना" असं म्हणाली, आणि "तुम्ही जेवता का नीट?" असं विचारत राहिली. मास्क परत चढला. तरी दाजी बघत होते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची पाळी आली तेव्हा सिस्टरनं फोन काढून घेतला.

"उद्याही याच वेळी लावाल ना?" दातवाल्यांनी विचारलं.

"उद्या नाही, काका. आज संध्याकाळी त्यांना आतल्या, आयसीयूच्या वॉर्डात हलवणार. तिथे फोन नेता येत नाही. कालपासूनच नियम आलाय."

कुठल्या ऑफिसचा, कुणी काढला, का काढला, हे सगळं दातवाल्यांच्या ओठांवर आलं होतं. पण सिस्टर गेली होती. राहिली होती फक्त ताई, तिच्या चौकोनात, पदर अजून खालीच. तिनंही ते ऐकलं होतं.

"ताई, मी उद्या वॉर्ड ऑफिसात जातो, विचारतो..."

"रोज दिसले असते रे मी त्यांना," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.