दहा बीकरांची सरासरी

शुक्रवार, १४ मार्च २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. बॉथेलमधल्या आमच्या प्रयोगशाळेत चाचणीचा एकविसावा, शेवटचा दिवस सुरू झाला होता. दहा बीकर समोर होते आणि माझे डोळे चुरचुरत होते.

प्रत्येक बीकरात एक पाणपिसू, तांदळाच्या दाण्याहून लहान. एखादे नवे रसायन पाण्यातल्या जिवांना किती घातक आहे, हे तिला होणाऱ्या पिल्लांच्या संख्येवरून ठरते. हे दहा बीकर मात्र निव्वळ पाण्याचे, तुलनेसाठी ठेवलेले. त्यांत दर मादीमागे सरासरी साठ पिल्ले तरी झाली पाहिजेत, नाहीतर सबंध चाचणी बाद. हा नियम श्रीमंत औद्योगिक देशांनी एकत्र बसून ठरवला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक करार आहे: एका देशात नियमानुसार झालेली चाचणी इतरांनी मान्य करायची, नव्याने मागायची नाही. त्या महिन्यात हेच देश आयातशुल्कावरून भांडत होते. बॉथेलची पिसू मात्र पॅरिसला आणि तोक्योला निमूट चालत होती.

ही चाचणी मान्य झाली, तर पुढच्या चाचणीची प्रमुख मी होणार होते. तीन वर्षे मी दुसऱ्यांच्या चाचण्यांतली पिल्ले मोजत आले होते.

चूक मंगळवारी झाली. आमची सकाळी सातची बैठक म्हणजे पॅरिसची दुपार आणि तोक्योची रात्र. मी फोन स्पीकरवर ठेवून मोजणी करत होते. माद्या ताज्या पाण्यात हलवल्या होत्या. जुन्या पाण्यातली पिल्ले मोजायची होती. तोक्योच्या ग्राहकाने तापमानाबद्दल, अत्यंत नम्रपणे, तिसऱ्यांदा विचारले. मी उत्तर देता देता सातव्या बीकराचे पाणी न मोजताच सिंकमध्ये ओतले.

नोंदवहीत ती चौकट रिकामी राहिली. आमच्याकडे शाईनेच लिहायचे. चुकले तर एक आडवी रेघ, कारण, सही, तारीख. सरासरी तशीही साठावर जाईल, या आशेवर मी तीन दिवस काहीच लिहिले नाही.

आठच्या सुमारास ऑडिटचे दादा आले. ते नागपूरचे; त्यांनी तपासल्याशिवाय आमचे एकही पान बाहेर जात नाही.

"काय म्हणते तुमची जनगणना, मॅडम?"

"नऊ बीकर पूर्ण आहेत, दादा. सातव्याचा मंगळवारचा आकडा नाही. मी न मोजता ओतलं. स्पीकरवर तोक्यो होतं."

"मग तोक्योलाच विचारा ना, किती होती म्हणून." ते हसले; मग पान पाहून थांबले. "तीन दिवस असंच?"

"असंच."

"बाकीच्यांत त्या दिवशी किती?"

"चौदा ते सतरा. पंधरा धरली तर सरासरी साठ पूर्णांक नऊ येते."

"म्हणजे गणित करून झालंय."

"दोनदा."

"मला नका विचारू यार, काय धरायचं ते. मी फक्त लिहिलेलं वाचतो." ते कॉफी आणायला गेले.

पंधरा हा आकडा बहुधा खराही होता. शास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत चांगला अंदाज. पण पॅरिसला हा अहवाल वाचून मान्य करणाऱ्या बाईंनी ना मला पाहिले आहे, ना हा सिंक. मी लिहिलेले मी मोजलेले असते, एवढेच त्या गृहीत धरतात, आणि तेवढ्यावर सगळा करार चालतो. माझ्या डोक्यात पुन्हा करायच्या चाचणीचे एकवीस दिवस मोजले गेले, आणि ते आता दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मोजायचे आहेत, हेही. राग आला नाही. फार दमले होते.

चौकटीत लिहिले: मोजणी झाली नाही, पाणी चुकून ओतले, नोंद तीन दिवस उशिरा. सही केली, तारीख शुक्रवारचीच घातली. मग बेरीज घेतली, ५९४, आणि दहाने भागून सरासरीच्या रकान्यात भरले: ५९.४.